साल व पान यांच्या आधारे अपरिचित वन्य वृक्षाची ओळख : सह्याद्रीतील वृक्षांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

वनस्पतिशास्त्रातील वर्गीकरण प्रामुख्याने फुलांच्या रचनेवर आधारलेले आहे. प्रत्यक्ष वनात मात्र बहुतेक वृक्षांना वर्षातील थोडेच दिवस फुले असतात आणि तीही पुष्कळदा उंचावर, हाताला न लागणारी असतात. उरलेल्या काळात निरीक्षकाच्या हाती दोनच गोष्टी राहतात : खोडाची साल आणि पान. या दोहोंचे पद्धतशीर निरीक्षण कसे करावे, त्यावरून निष्कर्ष किती खात्रीने काढता येतो व कोठे थांबावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात सह्याद्री व लगतच्या पानझडी वनांतील वृक्षांच्या उदाहरणांनी केले आहे.

बीजसंज्ञा : साल, त्वक्षा, पर्णविन्यास, उपपर्णे, प्रपिंड, चीक, स्थानिक नावे.

प्रस्तावना :

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या क्षेत्रात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या नोंदवह्यांसाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यानंतर या कामास वेग आला. महाविद्यालयीन परिसरातील वृक्षगणना, हरित अंकेक्षण, झाडांवर नामफलक लावणे, पर्यावरणशास्त्राचे प्रकल्प ही कामेही आता केवळ वनस्पतिशास्त्र विभागाची राहिलेली नाहीत. भूगोल, अर्थशास्त्र, मराठी, समाजशास्त्र अशा विषयांचे प्राध्यापकही विद्यार्थ्यांसह त्यांत सहभागी होतात. अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो "हे झाड कोणते ?" हा.

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर परिणाम केवळ शैक्षणिक राहत नाहीत. 'बिबळा' आणि 'बिब्बा' या दोन नावांत एका अक्षराचा फरक आहे. बिबळा म्हणजे बिजा. त्याच्या लाकडाच्या पेल्यात ठेवलेले पाणी मधुमेहावर घेण्याची प्रथा आहे. बिब्ब्याचा रस मात्र त्वचेवर पडल्यास फोड आणतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत ऐन, किंजळ, हळदू, तिवस, बिजा, खैर अशा वृक्षांचा समावेश आहे. उभे झाड कोणते हे निश्चित झाल्याशिवाय त्या कायद्याचा आधारही घेता येत नाही.

चुकीच्या सालीचा ऐतिहासिक दाखला :

सालीची ओळख चुकल्याने काय घडू शकते, याची खूण रसायनशास्त्राच्या परिभाषेत कायमची उमटलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात तापावरील औषध म्हणून दक्षिण अमेरिकेतून येणारी 'अँगोस्टुरा' नावाची साल वापरली जात असे. तिच्यात दुसरीच एक साल मिसळून विकली गेली आणि विषबाधेच्या घटना घडल्या. पेलेतिए व काव्हांतू या फ्रेंच संशोधकांनी १८१९ मध्ये या विषारी सालीतून एक अल्कलॉइड वेगळे केले. ती साल ॲबिसिनियातील 'ब्रूसिया' या प्रजातीच्या झाडाची आहे, अशी तेव्हा समजूत होती. म्हणून त्या द्रव्यास 'ब्रूसीन' हे नाव देण्यात आले. पुढे असे आढळले की ती साल ब्रूसियाची नसून कुचल्याची, म्हणजे दक्षिण कोकण व गोव्यात आढळणाऱ्या काजऱ्याची होती. विशेष म्हणजे याच दोघांनी आदल्याच वर्षी, १८१८ मध्ये, काजऱ्याच्याच प्रजातीतील बियांतून 'स्ट्रिक्नीन' शोधले होते. तरीही सुटी साल समोर आली तेव्हा मूळ झाड ओळखता आले नाही. साल झाडापासून वेगळी झाली की तिची ओळख अवघड होते. उभ्या झाडावर, पानासह, ती पुष्कळ सोपी असते. म्हणून ओळखीचे काम झाडापाशीच व्हावयास हवे.

सालीची रचना :

खोडाच्या ऊतककराबाहेर जे काही असते त्या सर्वास व्यवहारात साल म्हणतात. तिचे दोन भाग पडतात. आतील जिवंत भाग म्हणजे परिकाष्ठ. पानांत तयार झालेले अन्न त्यातून वाहते. बाहेरील मृत भाग म्हणजे त्वक्षेचे, अर्थात बुचाचे, थर. हे थर त्वक्षाकर नावाच्या ऊतीपासून निर्माण होतात.

खोडाचा घेर वाढत जातो, मृत थर मात्र वाढू शकत नाहीत. साहजिकच ते ताणले जाऊन फाटतात किंवा गळून पडतात. ते कसे फाटतात हे त्वक्षाकराच्या मांडणीवर अवलंबून असते. त्वक्षाकर पृष्ठभागालगत दीर्घकाळ टिकून राहिला तर साल पातळ व गुळगुळीत राहते. तो खोलवर तुकड्यातुकड्यांनी नव्याने निर्माण होत गेला तर खवले पडतात. सलग वलयांच्या रूपाने निर्माण झाला तर साल मोठ्या पापुद्र्यांनी सुटते. परिकाष्ठात धागे विपुल असतील तर साल तंतुमय होऊन उभ्या भेगा पडतात. ही मांडणी बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्यामुळेच साल ही ओळखीची खूण ठरू शकते.

सालीचे निरीक्षण :

सालीकडे पाहताना पुढील बाबी क्रमाने नोंदवाव्यात. निरीक्षण छातीच्या उंचीवर करावे. भारतात वनमोजणीसाठी ही उंची १.३७ मीटर धरली जाते.

१) पृष्ठभाग : कांडोळाचे खोड गुळगुळीत, फिकट पांढुरके असते. उन्हाळ्यात निष्पर्ण अवस्थेत ते दूरवरून चमकते, त्यामुळेच त्यास काही भागांत 'भुताचे झाड' म्हणतात. याउलट ऐनाची साल काळपट, उभ्या व आडव्या खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत विभागलेली, मगरीच्या पाठीसारखी दिसते.

२) गळण्याची रीत : अर्जुनाच्या सालीचे मोठे पातळ पापुद्रे सुटतात आणि खाली गुलाबी-करडा गुळगुळीत पृष्ठभाग दिसतो. सालईची साल कागदासारख्या पातळ पापुद्र्यांनी सुटते. खैराची साल अरुंद लांब पट्ट्यांनी निघते. नाण्याचे खोड पेरूच्या खोडासारखे फिकट व तुळतुळीत असते. धावड्यावर खवले गळून उरलेले उथळ खळगे दिसतात.

३) काटे : सावरीच्या तरुण खोडावर शंकूच्या आकाराचे, रुंद बुडाचे काटे असतात. पांगाऱ्यावरील काटे लहान व काळे असतात. काटे आसाण्याच्या कोवळ्या खोडावर लांब मजबूत काटे असतात. झाड जून होताना ते नाहीसे होतात.

४) स्राव : बिजा, तिवस व पळस यांच्या जखमेतून लाल रस येतो. मोह, उंबर, पायर, कुडा यांना पांढरा चीक असतो. सालईच्या राळेस सुगंध असतो. बिब्बा व हुळगिरी यांचा रस हवेत काळा पडतो.

स्राव पाहण्यासाठी खोडावर कोयत्याचा घाव घालण्याची जुनी रीत टाळावी. परिकाष्ठास इजा झाली की झाडाचा अन्नप्रवाह खंडित होतो आणि जखमेतून बुरशीचा शिरकाव होतो. गळलेली फांदी, पानाचा तुटलेला देठ किंवा खोडावरील जुनी जखम यांवरून तेच समजते. मात्र ज्या झाडाच्या सालीवर काळे, वाळलेले ओघळ दिसतात त्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. कोणतीही साल वा पान चाखून पाहणे हा ओळखीचा मार्ग नव्हे.

पानाचे निरीक्षण :

नवशिक्या निरीक्षकाचे लक्ष पानाच्या आकाराकडे जाते. वास्तविक आकार ही पानाची सर्वांत अस्थिर बाब होय. एकाच झाडावर सावलीतील पाने मोठी व पातळ, उन्हातील लहान व जाड असतात. तोडलेल्या बुंध्याच्या फुटव्यावरील पाने तर ओळखू येणार नाहीत इतकी मोठी होतात. अधिक भरवशाच्या बाबी अशा आहेत :

१) पान की दल ? संयुक्त पानाचे दल हे पुष्कळदा स्वतंत्र पान समजले जाते. देठाच्या बगलेत कळी असेल तर ते पान होय. दलाच्या बगलेत कळी नसते. पळस, पांगारा व तिवस यांस तीन दले, सावरीस हस्ताकृती मांडणीची पाच ते सात, तर सालई, मोई यांस पिच्छाकृती मांडणी असते. सालईच्या दलांच्या कडा दंतुर असतात, मोईच्या अखंड.

२) पर्णविन्यास : पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, ही बाब एकाच दृष्टिक्षेपात शक्यतांची संख्या कमी करते. साग, शिवण, कुडा, काजरा, हळदू, नाणा यांची पाने समोरासमोर असतात. मोह, बेहडा, कुंभा यांची पाने फांदीच्या टोकाशी गुच्छाने येतात.

३) उपपर्णे : समोरासमोरच्या दोन देठांच्या मधोमध उपपर्ण किंवा त्याचा वण दिसला तर हळदू, कळंब, कदंब यांच्या कुलाकडे निर्देश होतो. फांदीभोवती वलयाकार वण आणि चीक असे एकत्र आढळले तर वड-उंबराच्या प्रजातीचा विचार करावा.

४) शिरा : काजऱ्याच्या पानात तळापासूनच तीन ते पाच ठळक शिरा निघतात. आसाण्याच्या शिरा समांतर, सरळ कडेपर्यंत जातात.

५) प्रपिंड व उपांगे : हिरडा, ऐन, अर्जुन, किंजळ यांच्या देठाच्या टोकाशी किंवा पानाच्या तळाशी बारीक पुटकुळ्यांसारखे प्रपिंड असतात. हुळगिरीच्या देठावर दोन मऊ काट्यांसारखी उपांगे असतात. ती पुढे गळतात, म्हणून कोवळ्या पानावर पाहावीत.

६) स्पर्श व रंग : सागाचे कोवळे पान चोळले असता बोटांस लाल रंग लागतो. काळ्या कुड्याचे पान वाळताना काळपट होते. त्यापासून पूर्वी निळा रंग काढीत.

एक सविस्तर उदाहरण : ऐन, अर्जुन, किंजळ

समजा, फेब्रुवारी महिन्यात कोकणातील एखाद्या उतारावर उंच, सरळ खोडाचे अपरिचित झाड आहे. फुले नाहीत. पाने साधी, जवळजवळ समोरासमोर, लंबगोल आहेत. चीक नाही, उपपर्णांचा वण नाही. पानाच्या खालच्या बाजूस तळाशी प्रपिंड आहेत. एवढ्यावरून 'टर्मिनेलिया' या प्रजातीपर्यंत पोहोचता येते. आता जातीचा प्रश्न उरतो.

येथे साल उपयोगी पडते. साल गुळगुळीत व पापुद्रे सुटणारी असेल तर अर्जुन. मगरीच्या पाठीसारखी असेल तर ऐन. गडद, खडबडीत, पण भेगा उथळ असतील तर किंजळ संभवतो. ऐनाचे प्रपिंड मध्यशिरेवर, पानाच्या खालील अंगास ठळक असतात. किंजळाच्या पानाचा तळ बहुधा किंचित तिरपा वा हृदयाकार असतो. अधिवासही साक्ष देतो : अर्जुन नैसर्गिकरीत्या ओढ्या-नद्यांच्या काठी वाढतो, ऐन व किंजळ उतारावरील मिश्र वनात.

यानंतर झाडाखालचा पाचोळा तपासावा. ऐनाच्या फळास पाच रुंद पंख असतात आणि पंखांवरील रेषा जवळजवळ आडव्या कडेपर्यंत जातात. अर्जुनाच्या फळाचे पाच पंख अरुंद असून त्यांवरील रेषा वर वळलेल्या असतात. किंजळाचे फळ लहान, एक पंख मोठा व दोन छोटे अशा रचनेचे असते. पावसाळ्यानंतर या तांबूस फळांनीच किंजळ दुरून ओळखू येतो. साल, पान, अधिवास व पाचोळ्यातील फळ अशा चार स्वतंत्र साक्षी एकाच नावाकडे नेत असतील तर ओळख विश्वसनीय मानावी. एक जरी साक्ष विरोधी गेली तरी नोंद 'टर्मिनेलिया, जाती अनिश्चित' अशी ठेवणे हेच शास्त्रीय ठरते.

साम्यामुळे होणारी गल्लत :

काही वृक्षांच्या बाबतीत नाव, साल व पान यांपैकी एखाद्या बाबीतील साम्य गोंधळ निर्माण करते.

अ) अशोक व आसुपालव : रस्त्याकडेला लावलेल्या उंच, निमुळत्या झाडास सर्रास 'अशोक' म्हटले जाते. त्याची पाने साधी व नागमोडी कडांची असतात. तो आसुपालव होय. औषधात वापरला जाणारा सीताशोक वेगळा. त्याचे पान संयुक्त असून दलांच्या बहुधा चार ते सहा जोड्या असतात. बाजारातील अशोक-सालीत आसुपालवाच्या सालीची भेसळ होते, हे परिचित आहे. वाळलेली साल पाहून जे कळणे कठीण, ते पान पाहून क्षणात कळते.

आ) पांढरा व काळा कुडा : दोहोंची पाने समोरासमोर व दोघांना पांढरा चीक. अतिसारावर पांढऱ्या कुड्याची साल वापरतात. ती खडबडीत व खवल्यांनी सुटणारी असते. काळ्या कुड्याची साल तुलनेने गुळगुळीत असते. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या, तर पांढऱ्याच्या सुट्या असतात. पाने समोरासमोर असलेला काजराही याच गटात समजला जाण्याचा संभव असतो. परंतु त्याला पांढरा चीक नाही आणि शिरांची ठेवण निराळी आहे. काजरा अत्यंत विषारी असल्याने हा भेद पक्का ठाऊक असला पाहिजे.

इ) हळदू व कळंब : उपपर्णांची खूण दोहोंत समान. हळदूचे पान लांब देठाचे, हृदयाकार तळाचे असते. कळंबाच्या पानाचा देठ आखूड असतो व तळ सहसा हृदयाकार नसतो.

ई) आसाणा व असन : मराठीतील आसाणा हे झाड संस्कृत ग्रंथांतील 'असन' म्हणून गृहीत धरले जाण्याचा संभव आहे. असन हे नाव सामान्यतः बिजास लावले जाते. संस्कृत ग्रंथांतील वृक्षनामांचा अभ्यास करणाऱ्या भाषा-विषयांच्या अध्यापकांनी हा भेद विशेषत्वाने ध्यानात घ्यावा.

स्थानिक नावे ही टाकाऊ माहिती नव्हे. ऐनास विदर्भात 'साज' म्हणतात, हे ठाऊक नसेल तर दोन नोंदवह्यांतील एकच झाड दोन वेगळी झाडे ठरते. म्हणून नाव सांगणाऱ्याच्या तोंडचे नाव जसेच्या तसे, गावासह नोंदवावे आणि शास्त्रीय नाव स्वतंत्रपणे ठरवावे. शास्त्रीय नावेही बदलतात. धावड्याची 'ॲनोजिसस' ही प्रजाती आता 'टर्मिनेलिया'त समाविष्ट करण्यात आली आहे. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील नाव आजच्या नावाशी जुळवून पाहावे लागते.

पद्धतीच्या मर्यादा :

१) वय : बहुतेक वृक्षांची साल तरुणपणी गुळगुळीत असते. ऐनाच्या रोपावर मगरीची पाठ शोधणे व्यर्थ आहे. म्हणून सालीच्या नोंदीसोबत खोडाचा घेर लिहिणे आवश्यक ठरते.

२) परिस्थिती : वणवा, गुरांचे घासणे, साल काढणे, दगडफूल व शेवाळ यांमुळे सालीचा रंग व पोत बदलतो. घाटमाथ्यावरील दमट वनात खोडाचा मूळ रंगच दिसत नाही. म्हणून रंगापेक्षा भेगांच्या रचनेस अधिक महत्त्व द्यावे.

३) पाचोळा : झाडाखाली पडलेले पान त्याच झाडाचे असेल असे नाही. ते शेजारच्या झाडाचे किंवा वर चढलेल्या वेलीचे असू शकते. दुर्बिणीने शेंड्यातील पान पाहून ताळा घ्यावा.

४) कमाल खात्री : साल व पान यांवरून कुल व प्रजातीपर्यंत बहुधा पोहोचता येते, जातीपर्यंत नेहमीच नाही. अंतिम निर्णयासाठी फुलाफळांच्या हंगामात पुन्हा भेट देणे व नमुना जुळविणे अपरिहार्य आहे. कुक यांचा 'बॉम्बे प्रेसिडेन्सीचा फ्लोरा' आणि टॅल्बट यांचा वनवृक्षांवरील ग्रंथ हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे ग्रंथ आजही संदर्भमूल्य राखून आहेत. पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र व मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम येथे नमुने पडताळून पाहता येतात.

अलीकडे भ्रमणध्वनीवरील छायाचित्रावरून नाव सुचविणारी साधने उपलब्ध झाली आहेत. त्यांनी सुचविलेले नाव हा शोधाचा आरंभ मानावा, निर्णय नव्हे. केवळ सालीच्या एका छायाचित्रावरून आलेल्या नावास पान, देठ, प्रपिंड यांची साक्ष मिळाल्याखेरीज नोंदवहीत स्थान देऊ नये.

अध्यापनातील उपयोग :

विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटीत नावांची यादी पाठ करून घेण्याऐवजी एका झाडापाशी अर्धा तास थांबणे अधिक फलदायी ठरते. प्रत्येक गटाने नाव न विचारता प्रथम वर्णन लिहावे : ठिकाण, अधिवास, घेर, सालीचा पोत व गळण्याची रीत, पर्णविन्यास, साधे की संयुक्त, चीक, उपपर्णे, प्रपिंड, स्थानिक नाव. मोजपट्टीसह साल, पानाच्या दोन्ही बाजू व संपूर्ण झाड अशी छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतरच नावाची चर्चा व्हावी. वर्णन अचूक असेल तर चुकलेले नाव पुढे दुरुस्त करता येते. वर्णनच नसेल तर बरोबर नावही तपासता येत नाही. वनक्षेत्रात नमुना गोळा करण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. परिसरातील वृक्षांवर नामफलक लावण्यापूर्वीही अशीच पडताळणी करावी, कारण फलकावरील चुकीचे नाव विद्यार्थ्यांच्या पुढील पिढ्यांपर्यंत जाते.

निष्कर्ष :

१) साल व पान या एकमेकींस पूरक साक्षी आहेत, त्यांपैकी एकीवरून काढलेला निष्कर्ष दुर्बल ठरतो.

२) पानाच्या आकारापेक्षा पर्णविन्यास, उपपर्णे, शिरा, प्रपिंड व चीक आणि सालीच्या रंगापेक्षा भेगांची व गळण्याची रीत अधिक विश्वसनीय होय.

३) औषधी व विषारी वृक्षांतील साम्य लक्षात घेता, निश्चित न झालेली ओळख तशीच 'अनिश्चित' नोंदविणे हा या कामातील प्रामाणिकपणाचा भाग आहे.

४) लोकजैवविविधता नोंदवही किंवा वृक्षगणना यांचे मूल्य त्यांतील नावांच्या संख्येवर अवलंबून नाही. नोंदविलेले प्रत्येक झाड पुन्हा शोधून तपासता येईल इतके वर्णन सोबत आहे की नाही, यावर ते अवलंबून आहे. हे वर्णन करण्यासाठी कोणत्याही विद्याशाखेच्या अध्यापकास भिंग, मोजपट्टी व वही यांपलीकडे फारशा साधनांची गरज भासत नाही.